गाडी विकली, पण नावावरून उतरली का?

जुनी गाडी परस्पर विकताना सगळं लक्ष भावावर असतं. खरी जोखीम मात्र पैसे हातात पडल्यावर सुरू होते. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच साधारणपणे मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. गाडी पुढे अनेकांच्या हाती गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. म्हणून माझ्या मते नाव हस्तांतरण हे एकट्या खरेदीदाराचं काम नाही, ते विकणाऱ्याने स्वतः मागे लागून करून घ्यावं.

‘स्टँप पेपरवर लिहून घेतलंय की!’ असं कुणी म्हणेल. तो कागद खरेदीदाराकडून पैसे वसूल करायला उपयोगी पडेल, पण जखमी माणसाच्या दाव्यापुढे ढाल होत नाही. ‘माणूस ओळखीचा आहे’ हेही पुरेसं नाही, कारण तो गाडी पुढे कुणाला विकेल हे आपल्या हातात नसतं. मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून एजंटाला देणं तर सर्वांत घातक. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कर्ज असेल तर आधी बोजा उतरवा. ताबा देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून खरेदीदाराची सही घ्या, फास्टॅग बंद करा, विमा कंपनीला कळवा. नो क्लेम बोनस तुमचा असतो, तो नव्या गाडीसाठी राखून घ्या.