चेहऱ्याची ओळख : गांधीलमाशीची आणि आपली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार झाली, की पांढुर्ण्यातील आम्हा डॉक्टरांची सायंकाळ टाके घालण्यात जाते. काही वर्षांपूर्वी अशाच एका जखमी तरुणास मी विचारले, दगड कोणी मारला? तो म्हणाला, "दिसलं नाही जी. पलीकडं तर माहे मामाच उभे होते."

त्याच आठवड्यात सौंसरकडील संत्र्याच्या बागेत गांधीलमाश्यांनी दंश केलेला एक मजूर आला. अॅड्रेनॅलिनने तो सावरला. त्या निमित्ताने या माश्यांविषयी वाचू लागलो आणि मामांचे ते वाक्य पुन्हा आठवले.

मुंग्या, मधमाश्या आणि बहुतेक गांधीलमाश्या परस्परांना ओळखतात ते गंधाने. अंगावरील मेदयुक्त द्रव्यांचा वास आपल्या घरट्याचा आहे की परका, एवढे त्यांना कळते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या भारतीय गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. ही माशीही आप्त-परका भेद गंधानेच करते. तिथे एकेक माशी वेगळी ओळखता यावी म्हणून संशोधकांना तिच्या अंगावर रंगाचे ठिपके द्यावे लागतात.

उत्तर अमेरिकेतील पॉलिस्टिस फ्युस्केटस ही माशी मात्र चेहरा ओळखते. तिच्या अनेक राण्या मिळून एक घरटे बांधतात. त्यांच्यात मानाची उतरंड असते आणि प्रत्येकीच्या मुखावरील पिवळ्या-तपकिरी खुणा निरनिराळ्या असतात. एलिझाबेथ टिबेट्स यांनी 2002 मध्ये काही माश्यांच्या मुखावरील खुणा रंगाने बदलल्या. घरट्यातील सोबतिणी त्यांच्यावर धावून गेल्या. नवा चेहरा परिचयाचा होताच हल्ले ओसरले. ज्यांना रंग लावला पण खुणा बदलल्या नाहीत, त्यांना असा त्रास झाला नाही. 2008 च्या प्रयोगात असे दिसले, की एकदा भेटलेली माशी आठवड्यानंतरही त्यांच्या स्मरणात राहते. मायकेल शीहान व टिबेट्स यांनी 2011 मध्ये दाखविले, की ही माशी इतर आकृत्यांपेक्षा चेहरे लवकर शिकते. चित्रातील चेहऱ्याच्या मिशा काढल्या की मात्र ती गोंधळते.

आपल्या मेंदूत चेहरे ओळखण्याचे विशेष क्षेत्र आहे. पक्षाघाताने ते दुखावले तर रुग्णास स्वतःची मुलेही चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत. दहा लाखांहून कमी चेतापेशींच्या मेंदूत निसर्गाने तेच कौशल्य स्वतंत्रपणे घडविले. त्याचा लाभ काय? कोणाशी कितपत झुंजायचे हे ठरलेले असल्याने रोजची भांडणे टळतात.

मित्रहो, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात सोयरीक आहे, व्यवहार आहे, उभे वर्ष आपण एकमेकांना नावानिशी ओळखतो. त्या एका दिवशी गर्दीत चेहरे हरवतात आणि उरतो केवळ पलीकडचा काठ. परंपरेचा मान राखूनच सांगतो : पुढच्या पोळ्यानंतर दगड उचलण्यापूर्वी समोरचा चेहरा एकदा नीट न्याहाळावा, एवढीच टाके घालणाऱ्या एका डॉक्टरची विनंती.