खाली-वर निखारे: ओटीजी घ्यावा की नको?

कोकणात काकडीचं धोंडस करायची जुनी रीत अशी : जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण ओतायचं, पातेलं मंद विस्तवावर ठेवायचं आणि वरच्या झाकणीवरही निखारे पसरायचे. खालून आच, वरूनही आच. पुढे शहरांतल्या घरांत गोल ॲल्युमिनियमचे विजेवरचे ओव्हन आले. त्यांच्या झाकणातल्या काचेतून केक फुगताना बघायला पोरांची झुंबड उडायची. आज दुकानात ‘ओटीजी’ म्हणून मिळणारी चौकोनी पेटी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, याच घराण्यातली. वर तापणाऱ्या दांड्या, खाली तापणाऱ्या दांड्या, मधे जाळी, समोर काचेचं दार आणि बाजूला दोन-तीन नॉब.

इतकं साधं यंत्र, पण ते घ्यायची वेळ आली की सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी म्हणतं बिल दुप्पट येईल, कुणी म्हणतं मायक्रोवेव्ह असताना हे कशाला. घेऊन झाल्यावर कित्येक घरांत तो माळ्यावर जातो. आमच्या ओटीजीच्या पोटात दोन वर्षं कढया आणि किसणी नांदत होत्या. दोष यंत्राचा कमी आणि घेण्याआधीच्या आमच्या समजुतींचा जास्त, हे नंतर कळलं. त्या समजुतींचा हा हिशेब.

गैरसमज १ : घरात मायक्रोवेव्ह आहे, मग ओटीजी वेगळा कशाला?

वस्तुस्थिती : दोघांच्या नावात ओव्हन आहे, पण तापवण्याची तऱ्हा अगदी निराळी आहे. मायक्रोवेव्ह निघाला रडारच्या तंत्रातून. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीचा अभियंता पर्सी स्पेन्सर याने १९४५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातल्या २.४५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्या हालचालीतून उष्णता तयार होते. पदार्थात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच घुटमळतं. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये आमटी झकास गरम होते, पण पाव चिवट होतो आणि केक पांढराफटक राहतो.

भाजल्याचा तांबूस रंग आणि खमंग वास यांना याहून जास्त तापमान लागतं. पिठातली प्रथिनं आणि शर्करा यांची एकमेकांवर जी प्रक्रिया होते, ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार याने ती १९१२ मध्ये मांडली, म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. नानकटाईचा वास घरभर पसरतो तो तिच्यामुळेच. ओटीजीची कोरडी उष्णता हे काम करते. उलट रात्रीची उरलेली भाजी त्यात गरम करायला गेलात, तर वरून वाळेल आणि आत गारच राहील.

मात्र तुमचा मायक्रोवेव्ह ‘कन्व्हेक्शन’ प्रकारचा असेल, तर त्यात तापणारी कॉइल आणि पंखाही असतो. केक, बिस्किटं त्यात चांगली होतात. अशा घराने ओटीजीवर पैसे घालण्यापूर्वी तो मोड एकदा तरी वापरून बघावा. तो कधीच न वापरलेली घरं मला चांगली माहीत आहेत.

जाता जाता : ओटीजीत मायक्रोवेव्ह लहरी नसतात. तांबडी झालेली दांडी शेगडीतल्या निखाऱ्यासारखीच उष्णता फेकते. म्हणून त्यात धातूचे टिन बिनधास्त चालतात. प्लॅस्टिक आणि मेलामाइन मात्र वर्ज्य.

गैरसमज २ : एअर फ्रायर ही ओटीजीच्या पुढची पायरी आहे

वस्तुस्थिती : एअर फ्रायर म्हणजे छोटा ओव्हन आणि जोरदार पंखा. जागा कमी आणि हवा सतत फिरती, म्हणून तो लवकर तापतो आणि लवकर कुरकुरीत करतो. फोडी, कटलेट, कालचे समोसे यांसाठी तो उत्तम. पण आठ इंची टिन बहुतेक बास्केटमध्ये मावत नाही, आणि पातळ मिश्रणावर जोराचा वारा लागला की केकचा माथा वाकडा होतो. तळणीला पर्याय हवा असेल तर एअर फ्रायर बघा, पाव-केक-बिस्किटं करायची असतील तर ओटीजी.

गैरसमज ३ : ओटीजी वीज खाऊन टाकतो

वस्तुस्थिती : पाटी-पेन्सिल घेऊन बसू. मध्यम आकाराचा, १५०० वॉटचा ओटीजी तासभर अखंड जळला तर दीड युनिट होतं. पण तो अखंड जळत नाही. ठरलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो, उतरलं की पुन्हा जोडतो. दांड्या लाल होतात, विझतात, पुन्हा लाल होतात, ते यामुळेच. नवख्या माणसाला वाटतं, बिघडला.

आधी १० मिनिटं तापवायला पाव युनिट. पुढच्या ४० मिनिटांत दांड्या साधारण निम्मा ते दोनतृतीयांश वेळ जळल्या असं धरलं, तर आणखी अर्धं ते पाऊण युनिट. म्हणजे एका केकला पाऊण ते एक युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी खर्च दहाच्या आतबाहेर. आंघोळीच्या पाण्यासाठी २००० वॉटचा गिझर अर्धा तास चालू राहिला, तरी तेवढंच युनिट जळतं.

वीज वाया जाते ती दुसरीकडे. नावात टोस्टर आहे म्हणून सकाळच्या दोन स्लाइससाठी ओटीजी लावू नका. ८०० वॉटचा साधा उडता टोस्टर ते काम तीन मिनिटांत, एका युनिटच्या पंचविसाव्या भागात करतो. ओटीजीला आठ-दहा मिनिटं लागतात, म्हणजे पाचपट वीज. बेकिंग करायचं त्या दिवशी मात्र केक निघाला की त्याच तापलेल्या पोटात दाण्यांचं ताट सरकवावं. कुटासाठी दाणे आयते भाजून होतात.

गैरसमज ४ : जवळचा प्लग रिकामा आहे, तिथे लावू

वस्तुस्थिती : आपल्याकडे भिंतीवर दोन आकारांची सॉकेट असतात : मोबाइल-मिक्सरचं लहान, ६ अँपिअरचं, आणि गिझर-फ्रिजचं मोठं, १६ अँपिअरचं. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट, ही लहान सॉकेटची कमाल मर्यादा. १५०० वॉटचा ओटीजी साडेसहा अँपिअर घेतो. म्हणूनच त्याच्या वायरीला जाड पिनांचा प्लग असतो आणि तो लहान सॉकेटमध्ये शिरत नाही. तिथे आपण काय करतो, तर हार्डवेअरच्या दुकानातून कन्व्हर्टर आणतो. असा कन्व्हर्टर किंवा पातळ वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड तासभर गरम होत राहतो, प्लॅस्टिक मऊ पडतं, जळका वास येतो.

त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी स्वयंपाकघरात जा. ओट्याजवळ मोठं सॉकेट आहे का? त्यावर आधीच फ्रिज आहे का? मोकळं सॉकेट नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग ओटीजी. ठेवायची जागाही बघा. बाहेरचा पत्रा चांगलाच तापतो, म्हणून चारी बाजूंना वीतभर मोकळी हवा हवी. वर प्लायवूडचं कपाट अगदी टेकलेलं नको.

गैरसमज ५ : घ्यायचाच तर मोठा घ्या

वस्तुस्थिती : लिटर हे पोटाचं माप आहे, आणि आपल्याला टिनचं माप बघायला हवं. अर्धा किलोचा केक साधारण सहा इंची टिनमध्ये होतो, किलोचा आठ इंची टिनमध्ये. टिनच्या भोवती हवा फिरायला दोन-तीन बोटं जागा हवी. नऊ-दहा लिटरच्या पेटीत वरची दांडी केकच्या इतकी जवळ येते की माथा करपतो आणि पोट कच्चं राहतं. चार माणसांच्या घराला २० ते ३० लिटर पुरतो. ४० लिटरच्या पुढचा घ्यायचा तो ऑर्डरी घेणाऱ्यांनी. तो तापायला वेळ घेतो, आणि अर्ध्या ओट्यावर त्याचंच राज्य होतं. दुकानात जाताना घरचा टिन पिशवीत घेऊन जा आणि दार उघडून आत ठेवून बघा. विक्रेता हसला तर हसू दे.

गैरसमज ६ : नॉब १८० वर लावला, म्हणजे आत १८० अंश आहेत

वस्तुस्थिती : माळ्यावरून खाली उतरवल्यावर मी आमच्या ओटीजीची परीक्षा घेतली. आत टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर आणला. नॉब १८० वर होता आणि काटा २०५ वर जाऊन थांबला. मग ट्रेवर ब्रेडचे सहा स्लाइस शेजारीशेजारी मांडले आणि दहा मिनिटं भाजले. मागच्या उजव्या कोपऱ्यातला जवळजवळ काळा, मधले दोन सोनेरी, दाराजवळचे नुसते वाळलेले. माझी नानकटाई दोन वर्षांपूर्वी एका कडेला का करपली, याचा नकाशाच समोर आला. तेव्हा मी पाककृतीला नावं ठेवली होती.

स्वस्त नॉबमागे सहसा दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापून वाकते तेव्हा वीज तुटते. त्यामुळे आतलं तापमान ठरलेल्या आकड्याच्या वरखाली झोके घेतं. यावर उपाय तीन : आधी पुरेसं तापवणं, थर्मामीटर बघून नॉब बदलणं आणि अर्ध्या वेळाने ट्रे फिरवणं. दोन थरांवर दोन ट्रे असतील तर त्यांची वर-खाली अदलाबदलही करावी. ओटीजीत पंखा असेल आणि तो चालू असेल, तर पाककृतीतलं तापमान १५-२० अंशांनी कमी ठेवावं.

दुसरा नॉब दांड्या निवडायचा : फक्त खालच्या, फक्त वरच्या, की दोन्ही. त्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. गोव्याची बेबिंका आठवा. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, मैदा, साखर आणि तूप यांचा एक थर वरच्या आचेवर भाजायचा आणि मगच पुढचा ओतायचा. निखारे झाकणीवर ठेवून जे साधत, ते ‘फक्त वरच्या’ या खुणेवर साधतं.

गैरसमज ७ : ओव्हनमधलं ते पौष्टिक

वस्तुस्थिती : शंकरपाळ्या किंवा कोथिंबीर वडी तळण्याऐवजी भाजली तर तेल नक्की कमी लागतं. पण नानकटाईतलं तूप, साखर आणि मैदा ओव्हनमध्ये जाऊन कमी होत नाहीत. शिवाय पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले किंवा तळले की त्यांत ॲक्रिलामाइड हे नकोसं रसायन तयार होतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये याकडे जगाचं लक्ष वेधलं. पदार्थ जितका काळपट, तितकं ते जास्त. सोनेरी रंगावर थांबायचं, हा आजीचा नियम इथेही लागू.

गैरसमज ८ : एकदा ओटीजी आला की सगळं त्यातच

वस्तुस्थिती : ओटीजीचा नॉब साधारण २३० ते २५० अंशांवर संपतो. तंदूर त्याच्या कितीतरी पुढे जातो, म्हणून हॉटेलसारखी नान घरी होत नाही. फुलक्याला आणि भाकरीला थेट जाळ हवा. वांगं ओटीजीत छान मऊ होतं, पण भरताला लागणारा धुराचा वास येत नाही. ते गॅसवरच भाजा. याउलट रताळी, पनीर टिक्का, लादी पाव, दाणे, दिवाळीच्या चिवड्याचे पोहे मंद आचेवर कुरकुरीत करणं, यांत ओटीजी रमतो.

पहिल्यांदा लावल्यावर धूर आणि वास आला तर घाबरू नका. दांड्यांवरचा संरक्षक लेप जळतो. खिडकी उघडून रिकामाच १५ मिनिटं चालवा.

मग घ्यायचा की नाही?

पूर्वी दिवाळीत नानकटाईचा तयार गोळा डब्यातून कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायचा आणि भट्टीत भाजून आणायचा, ही कित्येक घरांची पद्धत होती. वर्षातून एकदा भट्टी लागते, तर घरात भट्टी कशाला, हा त्यामागचा हिशेब. तोच हिशेब आजही करता येतो.

आधी जाड कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड आणि झाकण ठेवून केक करून बघा. चांगला होतो. मग दुधाचे खाडे मांडतो तशा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने खुणा करा : घरात काही भाजलं की एक खूण, आणि घरी सहज करता आलं असतं असं काही बेकरीतून आणलं की दुसरी. महिन्याला चार-पाच खुणा झाल्या तर मध्यम आकाराचा, पंख्याचा ओटीजी घ्या, आणि थर्मामीटर त्याच दिवशी घ्या. तीन महिन्यांत मिळून दोनच खुणा झाल्या तर ते पैसे राखून ठेवा. कढई आहेच.

आमच्या कॅलेंडरवर या पावसाळ्यात आठ खुणा आहेत. पहिली खूण धोंडसाची : दोन्ही दांड्या, नॉब १६० वर, म्हणजे आमच्याकडचे १८०. काळा होणारा मागचा उजवा कोपरा मोकळा सोडला होता.