डबक्यातील जीवसृष्टी आणि बदलता पाऊस

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एकाच ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यामागील कारण मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिल्याने कोवळे गवत तुडवले जाते, बारीकसारीक जीव मरतात, अशी लोकांची तक्रार आली आणि तथागतांनी हा नियम घालून दिला, असे विनयपिटकात सांगितले आहे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे साधनही आहे. ओंजळभर पाण्यातही जीवसृष्टी असते, याची जाणीव आपल्या परंपरेत किती जुनी आहे, हे यावरून दिसते. पाऊस बदलला की त्या ओंजळभर पाण्यात काय घडते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीच्या टेबललँडवर गेले की जांभ्या दगडाचे सपाट पठार लागते. पावसाळ्यात या कातळावरचे खड्डे पाण्याने भरतात. कासचे पठारही असेच. या डबक्यांत प्रथम शेवाळ आणि कुजलेला पाला यांवर जगणारे जीव दिसू लागतात : डासांच्या अळ्या, बेडकांची शेपटीवाली पिल्ले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाणपिसू आणि पाठ खाली करून पोहणारे 'फेअरी श्रिम्प' हे कोळंबीच्या जातकुळीतले प्राणी. हे झाले भक्ष्य. त्यांच्या मागोमाग भक्षक येतात : चतुर व टाचणी यांची पिल्ले, उलटे पोहणारे किडे, पाणविंचू.

या साऱ्यांचे जगणे एका घड्याळावर चालते. ते घड्याळ म्हणजे डबक्यात पाणी किती दिवस टिकते ते. एडिस जातीच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. फेअरी श्रिम्प दोन-तीन आठवड्यांत वाढतात, अंडी घालतात आणि मरतात. त्यांची अंडी वाळलेल्या मातीत कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे जिवंत राहतात. चतुराच्या पिल्लाला मात्र, जात अगदी झपाट्याने वाढणारी असली तरी, पाच-सहा आठवडे पाणी लागते. सारांश, भक्ष्याला थोडे दिवस पुरतात, भक्षकाला जास्त दिवस लागतात. पाण्याचे दिवस घटले की पहिला फटका बहुधा भक्षकाला बसतो.

आता पावसाकडे पाहू. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे तीस किलोमीटरवरच्या वाईला तो एक हजारही भरत नाही. इतक्या थोड्या अंतरात एवढा फरक असल्याने पावसाची चाल बदलली की आपल्या भागात ती लगेच जाणवते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल यांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. उलट ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. धो धो पाऊस आणि मग लांबलेली उघडीप, असे हे नवे चक्र आहे.

याचे परिणाम एकसारखे होत नाहीत. मोठ्या सरीत लहान डबके ओसंडून वाहते आणि अळ्या वाहून जातात. पाणी आटू लागले की उरलेल्या थोड्या पाण्यात भक्षक व भक्ष्य एकत्र कोंडले जातात आणि भक्षकाचे काही दिवस फावते. मध्य व दक्षिण अमेरिकेत अननसाच्या कुळातील झाडांच्या पानांत साचणाऱ्या पाण्यावर शास्त्रज्ञांनी असाच प्रयोग केला आणि २०२० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २१० झाडांना कमी-अधिक आणि सम-विषम पाणी देऊन पाहिले. पाणी नियमित मिळाले तेथे पालापाचोळा खाणारे लहान जीव अधिक वाढले. पाऊस विषम झाला तेथे भक्षकांचा भार वाढला आणि खालचा पाया खचला. अशी रचना फार काळ टिकत नाही. ज्याला खायचे तोच संपला, तर खाणारा जगणार कशावर?

डबके पूर्ण आटले तर चित्र उलटे होते. अमेरिकेतील चेस व नाइट या संशोधकांनी २००३ साली दाखवले की जी तळी एरवी आटत नाहीत ती दुष्काळात आटली, तर पुढच्या वर्षी तेथे डासांचे पेव फुटते. कारण अळ्या खाणारे आणि त्यांच्या अन्नात वाटा मागणारे, दोन्ही जीव मेलेले असतात. डास मात्र उडत येऊन लगेच अंडी घालतो.

हा प्रश्न पठारावरचा राहत नाही, तो आपल्या वस्तीत येतो. उघडीप लांबली की नळाला पाणी कमी येते. मग घरोघरी पिंपे, हौद, बादल्या भरून ठेवाव्या लागतात. या भांड्यांत ना चतुराचे पिल्लू असते ना पाणविंचू. भक्षक नसलेले हे डबकेच होय. एडिसची अंडी भांड्याच्या कोरड्या कडेला महिनोन् महिने चिकटून राहतात आणि पाणी चढताच फुटतात. डेंग्यूची साथ येते ती अशी, आणि तिचा भार रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला सर्वाधिक सोसावा लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा, भांडे नुसते रिकामे न करता कडा घासून धुवाव्यात आणि पिंपाला कापड बांधावे. गप्पी मासे घरच्या हौदात सोडावेत, पण पठारावरच्या डबक्यांत, ओढ्यांत कदापि सोडू नयेत. तेथे ते मूळच्या जीवांनाच संपवतात.

विद्यार्थ्यांना आमची एक सूचना आहे. येत्या वर्षावासात घराजवळचे एक डबके निवडा. दर रविवारी त्याची खोली काठीने मोजा, कोणते जीव दिसले ते वहीत लिहा, आणि पाणी कोणत्या दिवशी आटले तेही नोंदवा. तीन महिन्यांची ही वही म्हणजे खरे विज्ञान होय.

कारण असेल तर कार्य होते आणि कारण नाहीसे झाले की कार्यही नाहीसे होते, हे प्रतीत्यसमुत्पादाचे तत्त्व आपण ग्रंथात वाचतो. पाऊस, पाणी, अळी, चतुर आणि आपल्या घरातील तापाने फणफणलेले मूल ही त्याच साखळीची कडी आहेत. ती साखळी कोठे तोडायची आणि कोठे जपायची, हे ओळखणे आपल्या हाती आहे.