पिंपळनेरहून जगाशी : हौशी बिनतारी संदेशनाचा छंद

विद्युतचुंबकीय लहरींचा मुलूख डोळ्यांना दिसत नसला, तरी जमिनीसारखीच त्याचीही मोजणी झालेली आहे. कोणत्या पट्ट्यावर आकाशवाणीचा अंमल, कोणत्या पट्ट्यावर विमाने आणि जहाजे, कोठे लष्कर, कोठे पोलीस आणि कोठे मोबाइलच्या कंपन्या, याच्या हद्दी आंतरराष्ट्रीय करारांनी आणि देशोदेशींच्या सरकारी दप्तरांनी आखून ठेवल्या आहेत. या आखीव मुलखात काही चिंचोळे पट्टे मात्र गावच्या गायरानाप्रमाणे राखून ठेवलेले आहेत. तेथे व्यापाराला मज्जाव आहे, आणि ज्याने आवश्यक ते ज्ञान संपादन करून सरकारी परवाना मिळवला आहे, अशा कोणत्याही नागरिकाला तेथे स्वतःचे बिनतारी केंद्र चालवण्याचा हक्क आहे. हा हक्क बजावणाऱ्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, आणि त्यांच्या छंदाला हॅम रेडिओ किंवा हौशी रेडिओ. आकाशवाणीवर एक बोलतो आणि लाखो ऐकतात. येथे ऐकणारा प्रत्येक जण बोलूही शकतो, आणि बोलणारा व ऐकणारा यांच्या मध्ये मनोरा, कंपनी वा मासिक बिल यांपैकी काहीही नसते.

हे गायरान हौशी मंडळींच्या वाट्याला कसे आले, ही हकिगत उद्बोधक आहे. मार्कोनीने डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडून संदेश ग्रहण केल्यावर देशोदेशींचे तरुण घरच्या घरी यंत्रे जुळवू लागले आणि त्यांच्या गलबल्याने जहाजांच्या व आरमाराच्या संदेशांत व्यत्यय येऊ लागला. तेव्हा अमेरिकेने १९१२ साली कायदा करून या हौशी लोकांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींकडे हाकलले. कारण दूरच्या संदेशनाला दीर्घ लहरीच लागतात आणि आखूड लहरी केवळ नापीक आहेत, अशी त्या काळच्या जाणत्यांची खात्री होती. परंतु २८ नोव्हेंबर १९२३ रोजी फ्रान्समधील लेओं देलुआ आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल या दोन हौशी चालकांनी सुमारे ११० मीटरच्या लहरीवर महासागर ओलांडून परस्परांशी संभाषण केले, आणि जी जमीन टाकाऊ म्हणून त्यांच्या पदरात घातली होती तीच सर्वांत सुपीक असल्याचे सिद्ध झाले. पुढे लघुलहरींवरील साऱ्या जगाचे प्रक्षेपण याच शोधाच्या पायावर उभे राहिले.

आपल्याकडे पहिल्या हौशी चालकाला १९२१ साली कलकत्त्यात परवाना मिळाला. त्यांचे नाव अमरेंद्रचंद्र गुप्तू. १९२३ साली मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपणाचे प्रयोग केले, आणि त्यानंतर चार वर्षांनी, जुलै १९२७ मध्ये, मुंबईचे रीतसर नभोवाणी केंद्र सुरू झाले. म्हणजे नभोवाणीची वाट आधी हौशी माणसांनी मळवली आणि मग तिच्यावरून संस्था चालल्या. दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द करून यंत्रे जमा करण्याचे फर्मान काढले. तरीही १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ उभा केला, तेव्हा त्याचे प्रक्षेपकयंत्र सिद्ध करण्याच्या कामी नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाचेच ज्ञान उपयोगी पडले. हे केंद्र सुमारे ४२ मीटरच्या लहरीवर बोलत असे, जागा बदलत पोलिसांना हुलकावण्या देत असे, आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पकडले गेले. उषाबाईंनी त्यापायी चार वर्षांची सजा येरवड्यात भोगली. स्वातंत्र्य मिळाल्यावर देशातील हौशी चालकांची पहिली संघटना १५ मे १९४८ रोजी महू येथील लष्कराच्या सिग्नल विद्यालयात स्थापन झाली. आपल्या धुळ्यावरून जाणारा आग्रा रोड पुढे ज्या महूवरून इंदूरला जातो, तेच हे महू; अर्थात खानदेशाला हा विषय दूरदेशीचा मानण्याचे कारण नाही.

साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे या छंदाच्या दृष्टीने कसे ठिकाण आहे, हे पाहण्यासारखे आहे. पांझरेच्या काठचे हे गाव, पश्चिमेला सह्याद्री आणि दक्षिणेला शेलबारी-डोलबारीची रांग, असे डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. अतिउच्च वारंवारतेच्या, म्हणजे दोन मीटरच्या पट्ट्यातील लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे शेलबारीचा डोंगर त्यांना अडवतो आणि हातातल्या लहानशा संचावरून थेट नाशिक गाठता येत नाही. चाळीस मीटरच्या पट्ट्यातील लहरींची चाल निराळी आहे. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी विद्युत्भारित झालेल्या हवेचे थर आहेत, ज्यांना आयनांबर म्हणतात. जवळजवळ उभ्या दिशेने वर गेलेल्या या लहरी तेथून परावर्तित होऊन डोंगराच्या पलीकडे उतरतात आणि दिवसा मुंबई-पुण्यापासून नागपूर-हैदराबादपर्यंतचा प्रदेश सहज व्यापतात. रात्री खालचा शोषक थर नाहीसा झाला की त्याच लहरी क्षितिजाच्या रोखाने निघून परखंडांपर्यंत पोहोचू शकतात. सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र या सर्व व्यवहाराला भरती-ओहोटी आणत असते. त्यामुळे हॅम मनुष्य नकळत सूर्याचाही अभ्यासक बनतो. शिवाय शहरात विजेच्या असंख्य उपकरणांचा जो खरखराट ग्रहणयंत्रात शिरतो, तो खेड्यात पुष्कळ कमी असतो, आणि क्षीण आवाज ऐकू येण्यास तेवढेच पुरते.

साधनेही समजतात तितकी दुर्मीळ नाहीत. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी लागणारा सर्वांत साधा एरियल म्हणजे तांब्याच्या तारेचे सुमारे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे. ते मध्यभागी विद्युत्रोधकाच्या दोन बाजूंना जोडायचे, तेथून कोअ‍ॅक्सियल केबल खाली यंत्रापर्यंत आणायची, आणि दोन्ही टोके दोरीने एकीकडे गच्चीवरच्या खांबाला व दुसरीकडे अंगणातल्या लिंबाला ताणून बांधायची. मग एसडब्ल्यूआर मीटर लावून पाहावे: तारेची लांबी अचूक नसेल तर यंत्राने पाठवलेल्या शक्तीचा काही भाग हवेत न जाता उलट फिरून येतो, आणि काटा ते तत्काळ दाखवतो. तार लांब झाली असेल तर टोकाची चार बोटे तार कापावी, पुन्हा मोजावे, पुन्हा कापावे. काटा खाली उतरत जातो आणि पुस्तकातले सूत्र आपल्या हाताखाली खरे होताना दिसते. शंभर वॉटचा संच ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो. पावसाळ्यात मात्र वीज कडाडू लागण्यापूर्वीच एरियल यंत्रापासून सोडवून ठेवण्याचा दंडक कसोशीने पाळावा लागतो.

संभाषणाची रीत ठरलेली आहे. ‘सीक्यू, सीक्यू’ असा पुकारा करून चालक आपले कॉल साइन, म्हणजे केंद्राची ठरलेली ओळखखूण, सांगतो. भारतीय हॅमचे कॉल साइन ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. कोणी प्रतिसाद दिला की प्रथम एकमेकांचा आवाज कसा पोहोचतो याचा अहवाल, आकड्यांत, मग नाव, गाव, हवामान, एरियलचा तपशील, आणि शेवटी ‘सेव्हन्टी-थ्री’ असा निरोप. प्रत्येक भेटीची वेळ व वारंवारता लॉगबुकात नोंदवली जाते, आणि पुष्कळ जण भेटीचा दाखला म्हणून स्वतःचे छापील क्यूएसएल कार्ड टपालाने पाठवतात. व्यापार, राजकारण आणि गुप्त सांकेतिक भाषा यांना येथे बंदी आहे. मोर्सची कट्-कड भाषा जुनी झाली असली तरी मावळलेली नाही. जेथे आवाज गोंगाटात बुडतो तेथेही तिचे ठिपके आणि रेघा कानाला वेगळ्या काढता येतात.

परवान्यासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही भारतीय व्यक्ती तिला बसू शकते. विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम हा तिचा अभ्यासक्रम, आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्सची चाचणी. दहावीचे विज्ञान समजून वाचलेल्या मुलाला किंवा मुलीला हा अभ्यास जड जाऊ नये.

या छंदाची खरी कसोटी आपत्तीच्या वेळी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवकडची गावे उद्ध्वस्त केली, तेव्हा हौशी चालकांनी तेथे केंद्रे मांडून मदतकार्याचे निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक पथक अंदमानातील पोर्ट ब्लेअरला गेले होते. दुर्मीळ बेटावरून जगभरच्या हॅमशी संपर्क साधावा, एवढाच त्याचा हेतू होता. २६ तारखेला त्सुनामी आली, दळणवळण तुटले, आणि छंदासाठी नेलेली तीच यंत्रे बेटावरील अडकलेल्यांची खुशाली मुख्यभूमीवरच्या नातलगांना कळवू लागली. ज्यांनी वर्षानुवर्षे केवळ आनंदासाठी क्षीण आवाज ओळखण्याचा सराव केला होता, त्यांचा सराव त्या दिवशी अनेकांच्या कामी आला.

विद्यार्थ्यांना तर या वाटेने अंतराळही जवळ येते. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला, वजनाने सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्याचे संदेश हौशी पट्ट्यातच प्रसृत होत असत. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून भारतीय विद्यार्थ्यांशी जे संभाषण केले, तेही हॅम रेडिओवरूनच. हे स्थानक डोक्यावरून जाताना सुमारे दहा मिनिटे दृष्टिपथात असते, आणि त्याचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरील आवाज साध्या ग्रहणयंत्रालाही टिपता येतो. शेलबारीचा डोंगर आकाशाला अडवू शकत नाही, म्हणून पिंपळनेरच्या शाळेच्या पटांगणातूनही तो ऐकता येईल.

मात्र वापरात नसलेल्या पट्ट्यांवर इतरांची नजर असते, आणि मोबाइलच्या वाढत्या व्यवहाराला लहरींची भूक अपार आहे. हौशी माणसांनी आपली वहिवाट टिकवली नाही, तर हा सार्वजनिक हक्क निव्वळ कागदावर उरेल. म्हणून एखाद्या विज्ञानशिक्षकाने पुढाकार घ्यावा, शाळेत आधी एक ग्रहणयंत्र आणावे, मुलांना महिनाभर नुसते ऐकू द्यावे, आणि मग ज्यांची गोडी टिकेल त्यांना परीक्षेला बसवावे. साक्री तालुक्यात असे चार-पाच परवानाधारक तयार झाले, तर अतिवृष्टीत घाट बंद पडून वीज गेली असता पश्चिमेकडील पाड्यांचा निरोप जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचवण्यास तालुक्याच्या हाती स्वतःचे साधन राहील. आणि ज्या पिढीला सर्व यंत्रे तयार मिळाली, तिच्यातील काही जणांना तरी ती उघडून, समजून घेऊन, पुन्हा स्वतःच्या हातांनी जुळवता येतील.