चौदा आणि सतरा यांच्या मधल्या मुली

सकाळी ६.१५
रात्री पाऊस झालाय. धाराशिव जिल्ह्यात ऑगस्टमधला पाऊस शेताला हवाच असतो, मैदानाची मात्र त्यानं वाट लागते. काळी माती पायाला धरते. दोन्ही खांबांभोवती मुरूम टाकून घेतलाय, तेवढा भाग बरा आहे. फक्कीचं घमेलं घेऊन रेघा मारायला लागते. खो-खोचं मोठ्यांचं मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. आठवीच्या दोघी न सांगता दोरीचं दुसरं टोक धरतात.

आमची शाळा पाचवी ते दहावी, पट दीडशेच्या आत. मैदानावर येणाऱ्या मुली एकवीस. तालुका स्पर्धेला संघ बारा जणींचा लागतो आणि गट दोन : चौदा वर्षांखालील आणि सतरा वर्षांखालील. म्हणजे चोवीस हव्यात. हा तीनाचा तुटवडा सोडवणं हे माझं आजचं काम, कारण प्रवेशिका भरायची मुदत संपत आली आहे.

सकाळी ६.४५
सराव सुरू. नऊ जणी पाठलागाला : आठ चौकोनात बसलेल्या, एक पळणारी. समोर संरक्षणाला नऊ, तिघी-तिघींच्या तुकड्यांनी आत येणाऱ्या. खरा डाव खेळायचा तर अठरा मुली लागतात. मोठ्या शाळेच्या लक्षात न येणारी ही गोष्ट आहे. आमच्या पहिल्या संघासमोर पळायला दुसऱ्या फळीतल्या मुली नसतील, तर पहिला संघ सराव करणार कुणाबरोबर? नुसता खांबाभोवती पळून दम वाढतो, चकवा द्यायला आणि ओळखायला शिकायचं तर समोर माणूस लागतं.

नववीतली एक उंच मुलगी गेल्या दिवाळीनंतर यायला लागली. सरळ रेषेत तिच्याइतकं कुणी पळत नाही. पण पाठलाग करताना वेग आवरत नाही, बसलेल्या मुलीच्या पुढे निघून जाते आणि मग मागे वळून खो देते. फाऊल. शिट्टी वाजली की ती आधी माझ्याकडे बघते, मग जमिनीकडे. हे पाय सुधारायला सराव लागतो, हे खरंच. त्याहून जास्त लागतो सामना : घड्याळ चालू आहे, गुण मोजले जातायत, आणि चुकलं तर नुकसान होणार आहे, असा.

सकाळी ८.१५
मुली घरी जायला निघाल्या. फाटकाशी एका मुलीची आई उभी आहे, डोक्याला रुमाल, हातात खुरपं. “बाई, आमची बारा जणींत हाय का? नसंल तर सांगा. मुगाच्या शेंगा तोडायच्यात, सकाळच्याला घरी हात लागतोय.”

प्रश्न चुकीचा नाही. दहावीच्या निकालात क्रीडागुण मिळतात ते वरच्या पातळीच्या स्पर्धेत उतरलेल्यांना. बाकीच्यांच्या घामाचा हिशेब घरी काय द्यायचा? “अजून ठरलं नाही, ताई. चार दिवस येऊ द्या,” म्हणते. त्या बघते म्हणतात. म्हणजे दोन दिवस येईल.

सकाळी १०.३०
परिपाठ, हजेरी, मग सहावी आणि नववीचे भूगोलाचे तास. एवढ्या पटाच्या शाळेत नुसतं खेळ शिकवणाऱ्या शिक्षिकेचं भागत नाही. अक्षांश-रेखांश शिकवून होतात.

दुपारी १.३०
मधली सुट्टी. पोषण आहार आठवीपर्यंतच्या मुलांना. वरांड्यात खिचडीच्या पंगती बसल्या आहेत. नववी-दहावीच्या मुली वर्गात डबा उघडून बसतात, काहींच्या डब्यात सकाळची भाकरी आणि ठेचा. सकाळी दीड तास पळालेल्या मुलीला आठवीत असेपर्यंत ताट मिळतं, नववीत गेली की बंद. ही रेघ खेळासाठी आखलेली नाही, पण पडते नेमकी आमच्या मुलींवर. खेळातही तसंच आहे, हे मला आज ऑफिसात सांगायचंय.

दुपारी २.१५
मुख्याध्यापक सरांच्या टेबलावर जन्मदाखले, फोटो, खेळाडूंची ओळखपत्रं. सर म्हणतात, “मॅडम, सतराचाच एक संघ पाठवू. चौदातल्या दोन-तीन चांगल्या त्यात घ्या. दोन संघ म्हणजे दोन जीपा, दोन दिवस, दोनदा जेवण. निधी तुम्हाला माहीत आहे.”

निधी मला माहीत आहे. पण आठवीतली चपळ मुलगी वरच्या संघात ओढली की खालचा संघ मोडतो, आणि वरच्या संघात ती बहुतेक वेळ बाहेर बसते. शिवाय सतराच्या बारापैकी सात जणी दहावीत आहेत. मार्चनंतर त्या जाणार. जूनमध्ये माझ्याकडे उरणार पाच, आणि त्यांच्या खाली एकही सामना न खेळलेल्या मुली.

सर म्हणतात, “मग चौदाचा संघ आहेच की. तोच आपला पुढचा संघ.”

इथेच गफलत होते. वयाचा गट म्हणजे दुसरा संघ नव्हे. वयोगट १ जानेवारीच्या रेघेवर ठरतो. डिसेंबरात जन्मलेली आणि तिच्याच बाकावर बसणारी, जानेवारीत जन्मलेली, दोघींचे गट वेगळे होऊ शकतात. चौदाच्या गटात बसणाऱ्या मुलीला निदान स्वतःच्या वयाच्या मुलींशी खेळायला मिळतं, डावही नऊ मिनिटांऐवजी सात मिनिटांचा असतो. अडकते ती नववीतली, उशिरा सुरुवात केलेली. चौदासाठी मोठी, सतराच्या संघासाठी कच्ची. तिच्यासाठी कुठल्याच कागदावर रकाना नाही.

सर चष्मा काढून पुसतात. “पण बारा कुठून आणणार?”

चौदाच्या गटात दहा भरतात. दोघी कमी. मैदानात उतरायला नऊ लागतात, म्हणजे एकच राखीव. एवढ्यावर उतरू, असं मी सांगते. सर म्हणतात, “एका जीपचं बघतो. दुसरीचं तुम्ही बघा.” हा होकार आहे.

दुपारी ३.३०
मोकळा तास, स्टाफरूम. विज्ञानाच्या सरांचा भाऊ अमेरिकेत असतो. ते सांगतात, तिकडे हायस्कुलात मुख्य संघाला व्हर्सिटी म्हणतात आणि त्याच्याखाली ज्युनियर व्हर्सिटी नावाचा दुसरा संघ असतो. विभागणी मुख्यतः तयारीवर. बहुतेक खालच्या वर्गांतली मुलं, पण अजून तयार न झालेला मोठा मुलगाही त्यात खेळतो. त्यांचे वेगळे सामने लागतात. छोट्या गावांतल्या शाळांना मात्र तिथेही दुसऱ्या संघाइतकी मुलं भरत नाहीत.

“म्हणजे आपल्याकडे ‘ब’ संघ काढायचा,” गणिताच्या मॅडम म्हणतात.

मला ते नाव नको आहे. ‘ब’ म्हटलं की सकाळच्या त्या आईला लगेच उत्तर मिळतं आणि मुलगी मुगात जाते. आणि एकवीस मुलींत अ आणि ब पाडले तर दोन्ही अर्धे राहतात. छोट्या शाळेनं मोठ्या शाळेची रचना उचलली तर तिच्या हाती फक्त नाव येतं. मुलीला हवी असतात सामन्यातली मिनिटं. ती कुठल्या संघाच्या नावावर मिळाली, यानं तिच्या पायाला फरक पडत नाही.

वर्गाच्या भिंतीवर जानेवारी २०२५ चं वर्तमानपत्राचं कात्रण आहे. दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं, महिलांची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्याशेजारी आपल्याच जिल्ह्यातली सारिका काळे, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती. मुली त्या फोटोंखाली उभ्या राहून सेल्फी काढतात. वरचं टोक सगळ्यांना दिसतं. त्याच्याकडे जाणारी दुसरी-तिसरी पायरी शाळेनंच बांधायची असते, आणि तिचा फोटो कुणी छापत नाही.

संध्याकाळी ५.१०
आज सराव न घेता सामना लावला. दोन्ही बाजूंना दहावी, नववी, आठवी, सातवी मिसळून. नियम एकच : प्रत्येक तुकडीत एक नवखी असलीच पाहिजे, आणि तिला तिसऱ्या नंबरला लपवायचं नाही. कर्णधार पोरीला हे पटलेलं नाही. “मॅडम, स्पर्धा तोंडावर आलीय.” तिचं म्हणणं खोटं नाही. नवख्या मुलीमुळे तिची तुकडी दोन मिनिटं लवकर संपते, आणि स्पर्धेआधी तिला तिच्या ठरलेल्या जोडीदारणींबरोबर पळायचंय. म्हणून वाटणी केली आहे : सोमवार ते गुरुवार सकाळ तिच्या संघाची, संध्याकाळ सगळ्यांची.

बाजूला वही उघडी ठेवते. कोण किती मिनिटं नाबाद राहिली, कुणी किती गडी टिपले, हे सातवीतली एक मुलगी लिहिते. तिचा पाय मुरगळलाय. वर्तमानपत्रात संरक्षणाची मिनिटं छापतात तशीच ती लिहिते, सेकंदासकट. उंच मुलगी आज दोनदा फाऊल करते, एकदा खांबाजवळ सूर मारून गडी टिपते. वहीत तिन्हींचीही नोंद होते.

सहाला थांबवावंच लागतं. वस्तीवरच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण शेवटची गाडी कुणासाठी थांबत नाही.

रात्री ८.००
ऑनलाइन प्रवेशिका भरून झाली : सतरा वर्षांखालील बारा, चौदा वर्षांखालील दहा. माझ्याकडे येतात एकवीस. बाविसावी सहावीतली आहे, धावायला चांगली, अजून तिच्या वडिलांना विचारायचंय. उंच मुलगी सतराच्या यादीत बाराव्या नंबरला आहे. तालुक्याला ती उतरेल याची खात्री नाही, म्हणून तिची मिनिटं दुसरीकडून आणायची आहेत.

सहा किलोमीटरवरच्या गावातल्या शाळेच्या सरांना फोन लावते. त्यांच्याकडे मुली आमच्याहून कमी. दोन शाळांचा मिळून एक संघ स्पर्धेत चालत नाही, पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर खेळायला कुणाची ना नाही. दहा मिनिटांत ठरतं. आठवड्याआड शनिवारी दोन डाव. पहिल्या संघातल्या मुलींनी पंच व्हायचं, शिट्टी आणि घड्याळ त्यांच्याकडे. खेळायच्या फक्त ज्यांना तालुक्याला मिनिटं मिळणार नाहीत त्या. गुण मांडायचे, निकाल फळ्यावर लिहायचा, हरलं तर हरलं.

“नाव काय द्यायचं या सामन्यांना?” ते विचारतात.

नाव काही नको, म्हणते. पहिला सामना त्यांच्या मैदानावर, शनिवारी साडेअकराला. जाण्यायेण्याचं ज्याचं त्यानं बघायचं, आणि फक्की त्यांची.