गाडीला अनुदान, संशोधनाला काय?

ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनसीएलच्या आवारात एका पाच आसनी मोटारीची चाचणी झाली. तिच्या टाकीत ३५० बार दाबाखाली भरलेला पावणेदोन किलो हायड्रोजन होता. तेवढ्यावर ताशी ६०-६५ किलोमीटर वेगाने सुमारे अडीचशे किलोमीटर जाता येईल, असा संशोधकांचा हिशेब होता. मागच्या नळीतून धुराऐवजी पाण्याची वाफ निघत होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हायड्रोजनवर चालणारी बसही पुण्यातच लोकांसमोर आली.

या गाड्यांचे हृदय म्हणजे इंधनघट. त्यात हायड्रोजन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून जातो, तेव्हा त्याच्या अणूतील प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. मधला पातळ पडदा प्रोटॉनना वाट देतो, इलेक्ट्रॉनना अडवतो. अडलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घेतात आणि त्या प्रवाहावर मोटर फिरते. पलीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन पाणी तयार होते. एका घटातून जेमतेम एका व्होल्टच्या आत विद्युतदाब मिळतो, म्हणून असे अनेक घट एकावर एक रचावे लागतात.

तत्त्व एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. मग गाडीला इतका उशीर का? कारण प्रयोगशाळेतला एक घट चालवणे आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर, उन्हापावसात वर्षानुवर्षे टिकेल असा संच बनवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. चौघांची खिचडी उत्तम करणाऱ्याला चारशे पानांच्या पंगतीचा अंदाज येईलच असे नाही, तसाच हा प्रकार. बॅटरीचेही तेच. नाण्याएवढ्या घटात छान चाललेले रसायन कारखान्यात धातूच्या लांबच लांब पत्र्यावर एकसारख्या जाडीने, ओलाव्याचा स्पर्श न होता चढवावे लागते. तिथे बरीच संशोधने अडतात.

हा मधला टप्पा सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात पोरका. विद्यापीठाच्या दृष्टीने शोधनिबंध छापून झालेला असतो. कंपनीच्या दृष्टीने माल अजून विकण्याजोगा नसतो. शिवाय दहा-पंधरा वर्षे पैसे गुंतवून हाती आलेले ज्ञान स्पर्धकांपर्यंतही पोचते आणि हवा स्वच्छ झाल्याचे पैसे गुंतवणूकदाराला कोणी देत नाही. त्यामुळे खासगी भांडवल इथे हात आखडता घेते आणि सरकारी पैशाची गरज निर्माण होते. पुण्याच्या गाडीलाही तोच लागला. एनसीएल, कराईकुडीची सीईसीआरआय ही प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही पुण्याची कंपनी यांनी सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या ‘निमित्ली’ योजनेखाली २०१६ मध्ये १० किलोवॉटच्या इंधनघट-संचाचे काम हाती घेतले होते.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. विजेच्या अनेक गाड्यांतल्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरीच्या रसायनाचे महत्त्वाचे पेटंट शिकागोजवळच्या आरगॉन या सरकारी प्रयोगशाळेचे. मूलभूत संशोधनाला अनुदान देऊन सरकार थांबले नाही. कारखाने उभे राहावेत म्हणून ऊर्जा खात्याने २००७ च्या कायद्यानुसार प्रगत वाहनांसाठी कर्जयोजना आखली. २०१० मध्ये टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर मिळाले आणि मे २०१३ मध्ये कंपनीने ते मुदतीच्या नऊ वर्षे आधी फेडले. फिस्कर या दुसऱ्या कंपनीला ५२.९ कोटी डॉलर मंजूर झाले. ठरलेले टप्पे गाठता येईनात, तेव्हा सुमारे १९ कोटी दिल्यावर खात्याने उरलेली रक्कम रोखली. तरी अखेर जवळपास १४ कोटी बुडाले.

त्या १४ कोटींवरून वॉशिंग्टनमध्ये गदारोळ झाला. खरा धडा मात्र टेस्लाच्या करारात आहे. तिचे सुमारे ३१ लाख शेअर साडेसात डॉलरच्या आसपास विकत घेण्याचा हक्क सरकारने राखला होता, पण कर्ज लवकर फिटले तर तो रद्द होणार होता. कर्ज फिटले तेव्हा शेअरचा भाव त्याच्या दहापटीहून वर होता. बुडाल्याचा तोटा करदात्याने सोसला. तरल्याचा नफा त्याच्या हातून निसटला. नवसंशोधनाला पैसा दिला की काही बुडणारच. म्हणूनच जे तरेल त्यातला वाटा आधी लिहून घ्यायला हवा.

ब्रिटनने आणखी एक वाट काढली. कॉव्हेंट्री येथे १३ कोटी पौंड खर्चून बॅटरी औद्योगिकीकरण केंद्र उभारले. २०२१ मध्ये ते सुरू झाले. कोणतीही कंपनी वा संशोधक गट तिथली यंत्रे भाड्याने घेऊन आपले रसायन कारखान्याच्या प्रमाणावर तपासू शकतो. यात एखादी कंपनी बुडाली तरी यंत्रे आणि हात बसलेली माणसे मागे उरतात.

आता आपल्याकडे पाहू. विजेच्या गाड्यांना चालना देणाऱ्या २०१५ च्या ‘फेम’ योजनेत तंत्रज्ञान विकासाचे स्वतंत्र अंग होते, पण सगळी योजनाच काही शे कोटींची. २०१९ मध्ये ‘फेम-२’ आली ती १०,००० कोटींची. त्यातले ८,५९६ कोटी गाड्यांच्या खरेदीवरील सवलतीला आणि १,००० कोटी चार्जिंगच्या सोयीला ठरले. संशोधनाचे कलम उरलेच नाही. २०२१ मध्ये बॅटरी-उत्पादनासाठी जाहीर झालेले १८,१०० कोटीही माल बनवून विकल्यावर हाती पडणारे.

सवलतीने रस्त्यावर गाड्या वाढल्या, बाजारपेठ तयार झाली. ते गरजेचेच होते. पण आतला घट परदेशातून येत असेल, तर त्या सवलतीचा एक हिस्सा तिकडच्या संशोधनाला बळ देतो. २०२५ मध्ये केंद्राने संशोधन-विकासासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर केला. प्रयोगशाळेची पहिली पायरी ओलांडलेल्या तंत्रज्ञानाला दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे कर्ज देण्याची त्यात तरतूद आहे. वाहनांच्या वाट्याला येणारा पैसा टप्प्याटप्प्याने द्यावा, टप्पा चुकला तर हात आखडावा, यशात सरकारचा वाटा ठेवावा आणि पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे वाहन उद्योग, वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आणि एनसीएल एकाच शहरात आहेत, तिथे सर्वांना वापरता येईल असे चाचणी-उत्पादन केंद्र उभारावे. खरेदीवरची सवलत आज ना उद्या बंद होईल. तोपर्यंत घट बनवण्याचे ज्ञान आपल्या हाती यायला हवे.