सिम्बियन का हरलं, अँड्रॉइड का जिंकलं? धंदेवाल्याने यातून काय घ्यायचं



घरातलं जुनं कपाट उघडलंत तर नोकिया ६६०० नाहीतर एन७० सापडेल. त्या फोनमध्ये जी सिस्टीम चालायची तिचं नाव सिम्बियन. आज तिची अँड्रॉइडशी तुलना करू. फोन घ्यायला नाही, धंदा शिकायला.

आधी एक गैरसमज काढून टाका. सिम्बियन वाईट नव्हतं. १९९८ मध्ये नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि सायॉन यांनी मिळून ही कंपनी उभी केली. तेव्हा मेमरी महाग होती आणि बॅटरी छोटी, म्हणून कमीत भागवायचं हीच सिम्बियनची खासियत. २००७ चा गाजलेला एन९५ फक्त ६४ एमबी रॅमवर चालायचा. ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला १९२ एमबी रॅम द्यावी लागली. २००७ मध्ये जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनपैकी निम्म्याहून जास्त सिम्बियनचेच होते.

मग माशी शिंकली कुठे?

१. ताकदच ओझं झाली. मेमरी वाचवण्यासाठी सिम्बियनवर प्रोग्राम लिहायचे खास नियम होते. चांगला प्रोग्रामरही त्यात अडकायचा. अँड्रॉइडने जावा घेतली, जी हजारो मुलांना आधीच येत होती. पुढे मेमरी स्वस्त झाली. काटकसरीची किंमत गेली, कटकट मात्र राहिली.

२. घर एक, चुली वेगळ्या. नोकियाचं एस६० वेगळं, सोनी एरिक्सनचं यूआयक्यू वेगळं. एकासाठी केलेलं अ‍ॅप दुसऱ्यावर जसंच्या तसं चालायचं नाही. म्हणजे अ‍ॅप करणाऱ्याला दुप्पट मेहनत.

३. दुकान उशिरा उघडलं. अँड्रॉइडचं अ‍ॅपचं दुकान पहिल्या फोनबरोबरच, २००८ मध्ये सुरू झालं. एकदाच २५ डॉलर भरा आणि अ‍ॅप टाका. नोकियाचं ओवी स्टोअर आलं मे २००९ मध्ये.

फेब्रुवारी २०१० मध्ये सिम्बियनचा कोड सगळ्यांना मोफत खुला केला. पण तोवर अ‍ॅप करणारे दुसरीकडे वळले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनचा रस्ता धरला. २०१२ मध्ये ४१ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा ८०८ प्युअरव्ह्यू आला, सिम्बियनचा शेवटचा फोन. कॅमेरा जबरदस्त होता, पण तोही सिम्बियनला वाचवू शकला नाही.

आता कुणी म्हणेल, "सर, अँड्रॉइड फुकट होतं म्हणून जिंकलं." थांबा! फोन बनवणाऱ्यांना ते फुकट होतं, पण गूगलची कमाई जाहिरातींतून होत होती. तुमच्याकडे कमाईची दुसरी वाट नसेल तर फुकट वाटायच्या फंदात पडू नका. भांडवल संपेल, गिऱ्हाईकही टिकणार नाही.

आणि नवीन ते चांगलंच, असंही नाही. विंडोज फोनसुद्धा नवीनच होता. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, आणि पुढे विंडोज फोनही बंद पडला.

आता हे आपल्याला कसं लागू पडतं? समजा, तुमचा घरगुती मसाल्याचा धंदा आहे. मसाला एक नंबर. पण तो विकणार कोण? किराणा दुकानदार. तोच तुमचा अ‍ॅप करणारा. त्याला वेळेवर माल मिळतो का? दर महिन्याला पाकिटाचं वजन आणि भाव बदलतो का? फाटलेलं पाकीट परत घेता का? त्याला तुमच्या मालात कटकट वाटली, की तो शेजारचा ब्रँड पुढे मांडणार. चव कितीही चांगली असू द्या.

आज रात्री वहीत तीन उत्तरं लिहा:

- माझी आजची ताकद कोणत्या परिस्थितीमुळे आहे? ती परिस्थिती बदलली तर?
- माझ्याबरोबर आणखी कोण कमावतो? त्याचं काम मी सोपं करतो की अवघड?
- गिऱ्हाईक सरकतंय हे मला किती दिवसांनी कळतं?

तिसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. विक्री चांगली असते तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारायची खरी वेळ तीच असते.